फिलिस्टाची ओली साखर

"कबूल कर आणि दुपारच्या जेवणाला घरी ये," असं मी फिलिस्टाला सांगितलं होतं. १३ मार्च २००९, शुक्रवार, सकाळी साडेआठ, तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातल्या आंब्याखाली. माझ्या वहीत हे वाक्य जसंच्या तसं आहे. ते खोडावं असं पुष्कळदा वाटलं, पण खोडलेलं नाही.

सल्ला वेडगळ नव्हता. आमच्याकडे शुक्रवार हा हातभट्टीवाल्यांचा वार. आठवडाभरात पकडलेल्या बायकांना एका रांगेत उभं करतात, कारकून एका दमात आरोप वाचतो आणि रांगेतून "खरं आहे, खरं आहे" अशी पाळीपाळीने उत्तरं येतात. दंड भरायचा आणि बाराच्या आत बाजार गाठायचा. जिने भट्टी लावली तीही "खरं आहे" म्हणते आणि जिने आयुष्यात भट्टी पाहिली नाही तीही. कारण "खोटं आहे" म्हटलं की तारखा सुरू होतात, आणि तारखा कुठे संपतात हे आमच्या चेबुलेमा गावात अजून कोणी पाहिलेलं नव्हतं.

फिलिस्टाला हे कळत नव्हतं असं नाही. ती म्हणाली, "अ‍ॅग्नेटा, शाळेत मुलांना हेच शिकवायचीस का गं? उत्तर चुकलं तरी चालेल, पण मास्तर खूश झाला पाहिजे?"

"अगं, दंड तो केवढा! मी भरते."

"दंडाचं कोण बोलतंय? उद्यापासून मी दारूवाली. ते कोण भरणार?"

आणि रांगेत तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "खोटं आहे."

कारकुनाला वाटलं, म्हातारीला इंग्रजी कळलं नाही. त्याने आरोप स्वाहिलीत वाचला. ती म्हणाली, "खोटं." मग त्याने आमच्या बुकुसूत, एखाद्या बहिऱ्याला सांगावं तसा, शब्द तोडून तोडून सांगितला. फिलिस्टा म्हणाली, "बाळा, तिन्ही भाषांत खोटंच आहे."

रांगेतल्या बाकीच्या बायका तिच्यावरच चिडल्या. त्यांची मुलं घरी उपाशी होती.

सगळं भांडण एका पिवळ्या कॅनचं होतं. त्यात वीस लिटर मळी होती. आमचा मुलूख उसाचा. गुऱ्हाळात रस जरुरीपेक्षा जास्त आटला की जी काळी, घट्ट, कडवट गोड काकवी होते तिला आम्ही मळी म्हणतो. ती पाण्यात घालून आंबवली की हातभट्टी, आणि म्हणून ज्याच्या घरी मळी त्याच्या घरी भट्टी, असा आमच्याकडचा सरळ हिशेब. फिलिस्टा ती मळी साखरेत घालते हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि कोर्टात उभं राहून सांगणं वेगळं.

ही साखर ती कुठे शिकली ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. टेकडीवरच्या कॉन्व्हेंटमध्ये मी विद्यार्थिनी होते आणि तिची आई तिथे मुदपाकखान्यात होती. फिलिस्टा माझ्याहून दोन वर्षांनी लहान. चौथीपर्यंत तिला शाळेत बसू दिलं, मग आईच्या हाताखाली घेतलं. स्वयंपाकघराची प्रमुख सिस्टर बोनाव्हेंचर नावाची एक उंच, लाल नाकाची आयरिश बाई होती. नाताळच्या केकसाठी तिला तिच्या देशातली तांबूस, ओलसर साखर लागायची. एका वर्षी पेटी आली ती समुद्राच्या पाण्याने भिजून दगड झालेली. सिस्टर रडकुंडीला आली. तेव्हा बारा वर्षांच्या फिलिस्टाने परातीत पांढरी साखर ओतली, शेजारच्या गुऱ्हाळातून वाटीभर मळी आणली आणि दोन्ही एकत्र चोळायला बसली. मी खिडकीतून बघत होते, आमचा गणिताचा तास चालू होता. सिस्टरने चिमूट तोंडात टाकली आणि खुर्चीवर बसली. म्हणाली, "आम्ही इतकी वर्षं हे जहाजाने का मागवतोय?"

किलोला सहा मोठे चमचे मळी. एकदम ओतायची नाही, धारेने सोडायची. हाताने मळायचं नाही, बोटांच्या टोकांनी चोळायचं, एकही पांढरा दाणा दिसेनासा होईपर्यंत. मुठीत दाबली तर मूठ धरली पाहिजे, बोट लावलं तर फुटली पाहिजे. मग पत्र्याच्या डब्यात दाबून भरायची आणि वर ओल्या खापराचा तुकडा ठेवायचा, म्हणजे सुकत नाही. गावात तिला ओली साखरच म्हणतात.

आमच्याकडे लग्नाला एक केक पुरत नाही. एक मांडवात कापायचा, एक नवऱ्या मुलाच्या आईला, एक मुलीच्या आजोळी. आजोळचा केक बसने जातो, कधी दोन दिवस, कधी तीन, आणि तिथल्या म्हाताऱ्या तो पंधरा दिवस पुरवून खातात. केक कोरडा निघाला तर त्यावर गाणं रचतात आणि ते गाणं त्या सुनेच्या नातवंडांच्या कानावर पडेपर्यंत टिकतं. ओल्या साखरेचा केक कोरडा पडत नाही. म्हणून तीस वर्षं चेबुलेमातल्या प्रत्येक लग्नाचा केक फिलिस्टाच्या अंगणात, वाळू भरलेल्या मोठ्या पातेल्यात, खाली शेगडी आणि झाकणावर निखारे ठेवून भाजला गेला. त्या तीस वर्षांत एकाही सुनेवर गाणं झालं नाही.

त्या वर्षी आठवड्याला अमुक इतक्या भट्ट्या पकडा असा चीफला, म्हणजे आमच्या गावावर नेमलेल्या सरकारी अंमलदाराला, वरून हुकूम होता. खऱ्या भट्टीवाल्यांना धाडीची वर्दी आदल्या दिवशी मिळायची, का मिळायची ते लिहायला नको. त्यामुळे चीफ वेपुखुलूला आकडा भरायला दुसरं कोणीतरी लागायचं. १२ मार्चला तो दोन शिपाई घेऊन फिलिस्टाच्या अंगणात आला. मी तिथेच होते, केकसाठी मनुका निवडत.

"नेकेसाची आई, कॅनमध्ये काय आहे?" चीफने विचारलं. नेकेसा ही तिची थोरली.

"मळी."

"ऐकलंत? कबूल करतेय," तो शिपायांना म्हणाला.

"मळीला मळी म्हणायला काय कबुली लागते? घे, बोट घाल, चाखून बघ."

"मी ड्युटीवर चाखत नाही."

"ड्युटी संपल्यावर काय चाखतोस ते ठाऊक आहे मला. तुझ्या बायकोलाही ठाऊक आहे."

शिपाई मासिबोला हसू आवरेना, म्हणून कॅन उचलायला तोच खाली वाकला. कॅन वाकडा झाला तेव्हा मळी काठापर्यंत यायलासुद्धा वेळ लागला, इतकी ती घट्ट होती. हे मी तेव्हा पाहिलं, पण त्याचा अर्थ कळायला मला सात महिने लागले. पंचनाम्यावर लिहिलं, "मळी, वीस लिटर, कॅन भरलेला." फिलिस्टाचा नवरा एलिजा उसातून धावत आला तोवर ती गाडीत बसलीसुद्धा होती. आतून ओरडून तिने सांगितलं, "शेगडीवरचं पातेलं उतरव, आणि झाकण काढू नकोस!"

शुक्रवारी ती "खोटं" म्हणाली. मी तिला जामीन राहिले. रविवारी चर्चमध्ये जे झालं त्यात माझा हात होता, ते आता लिहिते.

आमच्या चर्चमध्ये माताभगिनींचा संघ आहे. निळा स्कार्फ, पांढरा ब्लाउज. मी चिटणीस, आणि रोझबेला नासिपोंडो अध्यक्ष. नियम असा की जिच्यावर दारूची केस होते तिचं नाव प्रार्थनेनंतर वाचायचं, तिने निळा स्कार्फ परत करायचा, आणि वेदीपुढे गुडघे टेकून पश्चात्ताप केला की मगच तो पुन्हा मिळायचा. नावांची यादी चिटणीस लिहिते. मी रोझबेलाला म्हटलं, "केस झालीय, पण कबुली कुठे आहे?"

"नियमात कबुली लिहिलीय का बाई? केस लिहिलंय," रोझबेला म्हणाली. "तुमची मैत्रीण म्हणून वगळलं, तर उद्या दुसरी विचारेल."

मला नियम मोडायची सवय नाही. मी नाव लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे रोझबेलाला वाचताना कुठेही अडलं नाही.

फिलिस्टा तिसऱ्या बाकावर होती. नाव ऐकून ती उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, स्कार्फ द्यायला निघाली. तिने स्कार्फ सोडला, नीट झटकला आणि पुन्हा घट्ट बांधला.

रोझबेला नंतर अंगणात तिला म्हणाली, "स्कार्फ संघाचा आहे, फिलिस्टा."

"कापड मी विकत घेतलंय, शिवलंय मी, धुते मी. संघाचा फक्त निळा रंग आहे. तेवढा काढून घे."

त्यानंतर दर रविवारी ती स्कार्फ बांधून त्याच बाकावर बसायची. बाकावर ती एकटी. दोन्ही बाजूंना इतकी मोकळी जागा की लहान मुलं तिथे झोपावीत. मी चौथ्या बाकावर, तिच्या बरोबर मागे. तिच्या पाठीकडे बघत मी सात महिने प्रार्थना केली. केकची कामं बंद झाली. लोक म्हणत, "केक चांगलाच असतो गं तिचा, पण सासरचे विचारतात, दारूवालीकडून का आणला म्हणून." रोझबेलाच्या भाचीच्या लग्नाला शहरातून केक आणला. तो आजोळी पोचेपर्यंत भुसा झाला होता. गाणं झालंच. पण त्याने फिलिस्टाचं नाव काही धुऊन निघालं नाही.

तारखा सुरू झाल्या. एकदा फाइल सापडत नव्हती, एकदा शिपाई रजेवर, एकदा सरकारी वकिलाचा दात दुखत होता. मी दर तारखेला बरोबर जायचे आणि दर वेळी परतताना विचारायचे, "अजूनही कबूल केलंस तर?" सहाव्या तारखेला ती भाड्याच्या मोटारसायकलवरून उतरताना म्हणाली, "हे बघ, तुला यायचं तर ये. पण हे वाक्य घरी ठेवून ये."

एलिजाला लोक विचारायचे, बायकोला आवरत का नाहीस. तो म्हणायचा, "चाळीस वर्षं माझ्यावर सराव केलाय तिने. आता कुठे तोडीचा माणूस मिळालाय, तर मी मध्ये पडू?"

१५ ऑक्टोबरला नव्या मॅजिस्ट्रेटबाई बसल्या. लहानखुऱ्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी विचारलं, "मुद्देमाल कुठे आहे? सात महिन्यांत तो कोणी पाहिलेला दिसत नाही." शिपाई मासिबो कॅन घेऊन आला. कॅन टम्म फुगलेला होता. त्याने झाकण पिरगाळलं मात्र, फस्सकन तपकिरी फेस उसळला. त्याची विजार भिजली, सरकारी वकिलाचे कागद भिजले आणि कोर्टभर असा वास सुटला की मागच्या बाकावरचे दोन म्हातारे सरसावून बसले.

सगळे हसले. सरकारी वकील सर्वांत जास्त खूश. "बाईसाहेब, आता आणखी पुरावा काय द्यायचा? ही दारूच आहे!"

मला वाटलं, संपलं.

फिलिस्टाला वकील नव्हता. मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला काही विचारायचं आहे?"

"विचारायचं आहे," ती म्हणाली आणि मासिबोकडे वळली. "मासिबो, बाळा, माझ्या अंगणातून तू कॅन उचललास. तेव्हा मळी कशी होती?"

"कशी म्हणजे?"

"पातळ की घट्ट?"

"घट्ट. उचलताना वाकडा झाला तरी सांडली नाही."

"आता ओत बरं थोडी."

त्याने जमिनीवर ओतली. चहासारखी पसरली.

"बाईसाहेब," फिलिस्टा म्हणाली, "घट्ट मळी आंबत नाही. माझ्याकडे एक कॅन दीड वर्ष होता, त्यावर बुडबुडासुद्धा आला नव्हता. मळी फसफसते ती पाणी घातल्यावर. गुऱ्हाळातलं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल. मी दिली तेव्हा ही मळी होती. दारू हिची तुमच्या मुद्देमालाच्या खोलीत झालीय. मासिबो, पाणी कोणी घातलं?"

मासिबो आधी वकिलाकडे, मग छताकडे बघू लागला. मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्मा काढला. "उत्तर द्या. शपथेवर आहात."

"साहेब... चीफसाहेबांच्या गायीला चारा गोड लागत नव्हता," मासिबो म्हणाला. "त्यांनी थोडी थोडी नेली. मग पंचनाम्यात वीस लिटर लिहिलेलं... तर मी नळाचं घातलं. बरोबर वीस केलं, साहेब. मोजून."

यावर मॅजिस्ट्रेटबाईसुद्धा क्षणभर खाली मान घालून काहीतरी लिहीत बसल्या. मग त्यांनी विचारलं, "पण तुम्हाला मळी लागते कशाला?"

"हे सात महिन्यांत मला पहिल्यांदा कोणीतरी विचारतंय," फिलिस्टा म्हणाली. आणि तिने सांगितलं. किलोला सहा चमचे, धारेने, बोटांच्या टोकांनी. कारकून टंकत राहिला. मध्येच मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या, "सावकाश सांगा, त्याला लिहून घेऊ दे." मला मात्र संशय आहे की त्यांनी स्वतःही कागदाच्या कोपऱ्यावर काहीतरी टिपून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, हे सगळं प्रत्यक्ष पाहिलेलं कोणी आहे का. मी उठले. जे पाहिलं ते सांगितलं, सिस्टर बोनाव्हेंचरच्या परातीपासून धाडीच्या दिवसापर्यंत. "मग पहिल्याच तारखेला हे का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "मी तिला गुन्हा कबूल करायला सांगत होते."

निर्दोष. कागदावर शिक्का. फिलिस्टाने कॅन परत मागितला, धुऊन. मासिबोने कोर्टाच्या नळाखाली तो धुऊन दिला.

शनिवारी संघाची सभा रोझबेलाच्या घरी होती. फिलिस्टा स्कार्फ बांधून आली आणि शिक्क्याचा कागद टेबलावर ठेवून बसली. रोझबेलाने चहा पुढे केला.

"झालं गेलं, फिलिस्टा. सगळ्यांना कळलंय आता. उद्या ये, सगळ्याच जणी मिनिटभर गुडघे टेकू, तूही टेक. तुझ्या एकटीवर नको. बाई, लिहा, 'फिलिस्टाला माफ करून संघात परत घेण्यात आले.'"

मी लिहायला पेन उचललं.

"थांब," फिलिस्टा म्हणाली. "मी गेले कधी होते परत घ्यायला? सात महिने तिसऱ्या बाकावर होते. जागा तुम्ही सोडलीत. आणि माफ कशाबद्दल?"

"तसंच लिहायची पद्धत आहे गं," रोझबेला म्हणाली.

"मग पद्धत बदला. माझं नाव उभं राहून वाचलंत, सगळ्यांदेखत. आता उभं राहून सांगा की ते चुकीचं वाचलं. नसेल जमत, तर मी दर रविवारी त्या बाकावर बसेन आणि तुम्ही दर रविवारी बघा. मला काही घाई नाही."

"संघ चुकला असं चर्चमध्ये वाचायचं? लोक काय म्हणतील?"

"माझ्याबद्दल म्हणाले तेच म्हणतील. त्याने काही माणूस मरत नाही, मी बघितलंय."

रोझबेला माझ्याकडे बघू लागली. चिटणिसाने अध्यक्षाने सांगितलेलं लिहायचं असतं. माझी अठरा वर्षांची इतिवृत्तं आहेत, एका ओळीतही मी माझं म्हणून काही घातलेलं नाही. त्या दिवशी मी रोझबेलाला विचारलं नाही. लिहिलं, "१५ मार्च रोजी संघाने फिलिस्टा नालियाका यांचे नाव दारूच्या यादीत वाचले. ते चुकीचे होते. यादी चिटणीस अ‍ॅग्नेटा हिने, चुकीचे आहे हे ठाऊक असूनही लिहिली." आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

"बाई, हे मी वाचणार नाही," रोझबेला म्हणाली.

"मी वाचेन," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी पुढे जाऊन उभी राहिले. चर्च भरलेलं होतं. चीफ वेपुखुलू मागे खांबाशी, टोपी मांडीवर घेऊन. रोझबेला पहिल्या बाकावर, हाताची घडी घालून. पस्तीस वर्षं मी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं वाचलं आहे. पहिलं वाक्य नीट गेलं. दुसरंही. तिसऱ्यात माझं स्वतःचं नाव आलं. कागद दिसत होता, अक्षरंही दिसत होती, पण बाहेर पडत होती ती नुसती कुजबुज.

तिसऱ्या बाकावर फिलिस्टा उभी राहिली.

"मोठ्याने वाच, अ‍ॅग्नेटा," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू येत नाहीये."

मी पाणी प्याले आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली.